टिकल्या लावल्यास का?

माझं काम नेमकं काय, हे माझ्या सख्ख्या बहिणीला अजून नीट सांगता आलेलं नाही. साताऱ्याला तिच्या शेजारणींना ती सांगते, "आमची ताई भोसरीला कंपनीत आहे, पडद्यावर दाखवायचं काम करते." मग शेजारणी विचारतात, "म्हणजे सिनेमाचं?" आणि ही बिनधास्त म्हणते, "तसंच काहीतरी." एका लग्नात एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, की त्यांच्या मुलीला मालिकेत घेतील का. आता काय सांगावं! म्हटलं, "अहो, माझ्या पडद्यावर माणसं नसतात. नुसता कोड असतो."

"मग ते बघायला येतं कोण?"

प्रश्न काही चुकीचा नाही. सांगते.

आमची कंपनी लहान. चाकणच्या मोठ्या कारखान्यांना तपासणीची यंत्रं आणि ती चालवणारी सॉफ्टवेअरं करून देते. यंत्रानं आधी काय करायचं, मग काय करायचं, हे आमची मुलं ओळीओळीनं लिहून ठेवतात. तो कोड. आता गिऱ्हाईक म्हणतं, "लिहिलंय ते ठीक, पण काय लिहिलंय ते समजावून द्या. उद्या तुमचा माणूस सोडून गेला तर आम्ही कुणाचे पाय धरायचे?" मग तो कोड घास घास करून पडद्यावर मांडावा लागतो. एका स्लाइडवर एक घास. ते मांडून द्यायचं काम माझं. कागदोपत्री निवृत्त होऊन बसलेय, पण अजून अडलं की फोन येतो, "काकू, दिघीवरून रिक्षा करून या, पैसे देतो." मी जाते. घरी बसून तरी काय, टीव्हीच बघायचा.

शिक्षण म्हणाल तर बारावी आणि टायपिंग. स्लाइडी मांडायला मला कुणी शिकवलं नाही. पूर्वी आमच्याकडे सगळे माउसनं स्लाइडी करायचे. कोडचा फोटो काढायचा, तो चिकटवायचा, ओढून लहानमोठा करायचा. चार दिवसांनी कोड बदलला की फोटो शिळा. पुन्हा काढा, पुन्हा चिकटवा. एक मुलगा मात्र साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काहीतरी खुणा करायचा आणि त्याच्या स्लाइडी आपोआप तयार व्हायच्या. तो नोकरी सोडून गेला, फाइल राहिली. मी ती उघडली. जुना ब्लाउज उसवून बायका बेतायला शिकतात ना, तसं केलं. एक खूण काढायची, काय बिघडतंय ते बघायचं, परत लावायची.

तुमचा हा अंक छापायच्या आधी मुद्रितशोधकानं समासात खुणा केल्या असतील. इथे परिच्छेद तोडा, इथे ठळक करा. आमचं अगदी तेच, फक्त खुणा मजकुरातच बसतात. ओळीच्या आधी हॅश टाकला की ती ओळ मोठ्या अक्षरात मथळा होते. नुसत्या तीन आडव्या रेघा मारल्या की नवी स्लाइड सुरू. बस. रंग नाही, उडत येणारी अक्षरं नाहीत. आमच्या एका जुन्या साहेबांना उडत येणारी अक्षरं फार आवडायची. त्यांना मी सांगितलं होतं, "साहेब, कोड उडत आला तर लोक तो वाचणार की पकडणार?"

आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे टिकली. कीबोर्डवर एकच्या आकड्याच्या डावीकडे एक तिरकं टिंब असतं. मुलं त्याला बॅकटिक म्हणतात. मला पहिल्यांदा ऐकू आलं ते 'बॅकटिकली', आणि तोंडात टिकलीच बसली. कोडच्या वर तीन टिकल्या, खाली तीन टिकल्या. त्याचा अर्थ, 'बाबा रे, ह्यांच्या आत जे आहे ते जसंच्या तसं दाखव, तुझी अक्कल लावू नकोस.' माझ्यामुळे सगळ्या ऑफिसला तोच शब्द लागला. दाढ्या वाढवलेली पोरं एकमेकांना विचारतात, "भावा, टिकल्या लावल्यास का?" नवा माणूस दचकतो. दुसऱ्या आठवड्यात तोही विचारायला लागतो.

गिऱ्हाइकांचे नमुने तर किती सांगू! एका इंजिनिअरला अख्खा प्रोग्रॅम एकाच स्लाइडवर हवा होता. "काकू, अक्षर बारीक करा, अजून बारीक करा, मावतंय." मी म्हटलं, "अरे, हा काय डोळ्यांच्या डॉक्टरकडचा तक्ता आहे? पोळपाटावर मावेल तेवढीच पोळी लाटायची." तो रुसला. कार्यक्रमात शेवटच्या रांगेतला माणूस मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडदा मोठा करून वाचत होता, तेव्हा रुसवा गेला.

पण मला सांगायचंय ते प्राजक्ताचं.

प्राजक्ता अंबाजोगाईची. वडील तिकडे एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पोरगी हुशार, बोलायला मोकळी आणि खायला त्याहून मोकळी. आमच्याकडे प्रोबेशनवर लागली आणि पहिल्याच दिवशी तिच्या गळ्यात दुसऱ्याचा प्रोग्रॅम पडला. लिहिणारा परदेशी निघून गेलेला. चाकणच्या एका कारखान्यात बोल्ट आवळायची जागा होती. कामगार विजेच्या बंदुकीनं बोल्ट आवळतो, बंदुकीला जोडलेला एक डबा किती घट्ट आवळला त्याचा आकडा देतो, आमचा प्रोग्रॅम तो आकडा बघून हिरवा नाहीतर लाल दिवा लावतो. एवढंच काम. जागा अजून ट्रायलवर होती. गिऱ्हाइकाला प्रोग्रॅम समजावून द्यायचा, त्यांनी सही करायची, की सोडवणूक. प्राजक्ताचं पर्मनंट होणंही त्या सहीवरच टांगलेलं होतं.

चाकणला जायच्या दिवशी गाडीत आमच्या कंपनीचे मालक नाडकर्णी साहेब म्हणाले, "प्राजक्ता, आकडा वाचायचा जो भाग आहे ना, तेवढा कोडही एका स्लाइडवर घाल. विचारतील." मोशीच्या अलीकडे गाडी ट्रकांच्या मधे अडकलेली. पोरीनं मांडीवर लॅपटॉप घेऊन कोड चिकटवला. मी पुढच्या सीटवरून मान न वळवता विचारलं, "टिकल्या लावल्यास का?"

"लावल्या की, काकू."

लावल्या होत्या. पण कीबोर्डवर एंटरच्या शेजारी एक सरळ टिंब असतं, अवतरणचिन्हाचं. दिसायला टिकलीची जुळी बहीण. गाडीच्या धक्क्यात तिनं त्या बहिणीला बसवलं होतं.

आता हे बघा. कोड लिहिताना मुलं एकमेकांसाठी मधे मधे शेरे लिहून ठेवतात. यंत्र ते वाचत नाही, माणसांनी वाचायचे. प्राजक्ता ज्या भाषेत कोड लिहिते, तिच्यात शेऱ्याच्या आधी हॅश असतो. आणि आमच्या खुणांत हॅश म्हणजे काय? मथळा! टिकल्यांच्या आत असता तर गप्प बसला असता. टिकल्या खोट्या, त्यामुळे तो उठून उभा राहिला.

चाकणला खोली भरलेली. समोर लाइनचे प्रमुख मुंगसे साहेब. माणूस चाकणजवळच्याच गावचा. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलतात आणि चिडले की घरच्या भाषेत येतात. प्राजक्ता छान बोलत होती. पुढची स्लाइड आली. खाली सगळा कोड एकमेकांत मिसळून खिचडी झालेला, आणि वर, भिंतभर अक्षरात, त्या निघून गेलेल्या माणसानं रोमन लिपीत लिहिलेलं मराठी:

इथे दोन सेकंद थांबायचं. का ते विचारू नका. काढलं तर बंद पडतं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी खोली हसली. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. मुंगसे साहेब नाही हसले.

"का ते विचारू नका?" ते म्हणाले. "का वो? आमी तर इचारणार. ह्या जागेवर काम तुंबतंय म्हून मी महिनाभर बोंबलतोय. दर बोल्टला दोन सेकंद तुमी नुसते बसून ऱ्हाता व्हय?"

नाडकर्णी साहेब उठले. "सर, तो स्टॅबिलायझेशन टाइम आहे. थोडं टेक्निकल आहे."

"तुमी बसा साहेब. मॅडम बोलतायत ना, त्यांना बोलू द्या की. मॅडम, का थांबायचं?"

मी प्राजक्ताकडे बघितलं. साहेबांनी तिला फळी टाकून दिली होती, तिनं नुसती मान हलवायची होती. तिनं नाही हलवली.

"सर, मला माहीत नाही. माझ्या आधीच्यांनी लिहिलेलं आहे. मी काढून बघितलं होतं, बंद पडलं, म्हणून परत ठेवलं."



"बरं," मुंगसे साहेब म्हणाले. "माहीत न्हाई म्हणनारं माणूस ह्या खोलीत लई दिसांनी आलं. पन त्यानं माझी लाइन चालत न्हाई. शुक्रवारी या. आणि 'का ते' घिऊन या."

परतताना गाडीत, भोसरी जवळ आल्यावर नाडकर्णी साहेब म्हणाले, "तुझं पर्मनंटचं पत्र ह्याच महिन्यात काढणार होतो मी. बघू आता." म्हणाले तेही शांतपणे, आणि तेच वाईट.

कंपनीच्या दारात टपरीवर मी तिला चहा पाजला. ती म्हणाली, "बाबा म्हणले होते काकू, प्रोबेशनपुरतं बघ, नाही जमलं तर गपगुमान परत ये. गावात एका क्लासमध्ये शिकवायचं बोलूनसुद्धा ठेवलंय त्यांनी. मला नाही जायचं. मला हे आवडायलंय."

"मग रडतेस कशाला?"

"मी कुठं रडायले? वाफ लागली डोळ्याला."

दुसरा दिवस गुरुवार, आमच्याकडे एमआयडीसीला सुट्टी. ऑफिसात आम्ही दोघी आणि खाली वॉचमन. मला कोड लिहिता येत नाही. ती एक रुखरुख आहे मनाला. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी मांडल्या, स्वतःची एक ओळ काही चालवली नाही. पण न येणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार चांगली येते. 'मग?' असं विचारता येतं. मी नवी फाइल उघडली आणि म्हटलं, "तू सांग, मी मांडते. एका वेळी एकच घास."

"कामगार बंदूक दाबतो."

तीन रेघा. "मग?"

"मग आपला प्रोग्रॅम दोन सेकंद थांबतो."

"का?"

"काकू, तेच तर माहीत नाही ना!"

मी एका स्लाइडवर नुसतं 'का?' लिहून ठेवलं. "राहू दे तसंच. पुढं चल. मग?"

"मग आपण डब्याकडं आकडा मागतो. तो शेवटचा आकडा देतो."

"कुणाचा शेवटचा?"

"म्हणजे काय, शेवटच्या…" ती थांबली. "परत विचारा, काकू."

"कुणाचा शेवटचा आकडा?"

ती उठलीच. ऑफिसामागे आमचं तपासणीचं टेबल आहे, तिथे तशीच बंदूक आणि तसाच डबा जोडलेला असतो. तिनं प्रोग्रॅममधलं थांबणं काढून टाकलं आणि बोल्ट आवळायला लागली. पहिल्या बोल्टला प्रोग्रॅम बंद पडला, कारण डब्यात आधीचं काहीच नव्हतं. डब्यात एक आकडा पडल्यावर परत सुरू केला, तर चालला. पण आकडा आला तो मागच्या बोल्टचा! म्हणजे ते दोन सेकंद कशाला होते? ह्या बोल्टचा आकडा डब्यात येईपर्यंत वेळ काढायला. त्या आधीच्या माणसानं कारण शोधलंच नव्हतं. थांबून बघितलं, चाललं, पुढे गेला.

मला वाटलं, झालं, सापडलं. मी 'का?' खाली उत्तर लिहायला घेतलं. प्राजक्ता मात्र तिथंच उभी.

"काकू, पण बोल्ट लांब असला, आवळायला जास्त वेळ लागला तर?"

तिनं थांबणं होतं तसं परत घातलं. ड्रॉवर उपसून लांब बोल्ट काढला. बंदूक लावली. बंदूक अजून फिरतेय आणि टेबलावरचा दिवा हिरवा झाला. तिनं बंदूक उचलली, कुणीही उचललीच असती. मग बोटांनी बोल्ट धरला.

"हिरवा दिवा लागलाय," ती हळूच म्हणाली, "आणि बोल्ट हातानं फिरायलाय."

मागच्या बोल्टचा चांगला आकडा ह्या बोल्टच्या नावावर चढला होता. मला कोड कळत नाही, पण हे कळलं.  चाकणला ट्रायलचे नग रॅकवर लावून ठेवलेले होते, आणि सही झाली की ते पुढे जाणार होते.

दुरुस्ती तिनं जेवायच्या आत केली. डबा आकड्याबरोबर एक क्रमांकही देतो, दर बोल्टला नवा. तो क्रमांक बदलेपर्यंत थांबायचं, आणि बदलला की लगेच आकडा घ्यायचा. छोटा बोल्ट झटकन होतो, लांब बोल्टला हवा तेवढा वेळ मिळतो. जेवून आम्ही स्लाइडी केल्या. एका स्लाइडचा मथळा तिनंच सांगितला: 'आमच्या प्रोग्रॅमने ढिल्या बोल्टला हिरवा दिवा दिला.' ह्या वेळी टिकल्या मी स्वतः मोजून बघितल्या.

शुक्रवारी सकाळी नाडकर्णी साहेबांनी फाइल वाचली आणि चष्मा काढला. "काकू, ही स्लाइड काढा."

"का, सर?" प्राजक्ता.

"अगं, असं कुणी स्वतःबद्दल लिहितं का? थांबण्याचा वेळ कमी केला, एवढंच सांग. ते खूश होतील. रॅकवरचे नग आपण नंतर हळूच तपासून घेऊ."

"नंतर कधी, सर? सही झाली की ते नग चढतील ना लाइनवर."

"काकू, तुम्ही काढा."

स्लाइड काढणं म्हणजे तीन रेघांपासून तीन रेघांपर्यंतचा मजकूर खोडणं. निमिषाचं काम. मी म्हटलं, "साहेब, मी काढते. तुमची कंपनी आहे. पण पडद्यावरून काढता येईल, तिच्या तोंडातून कसं काढू? विचारलं की ही खरं सांगणार. परवा बघितलंत ना तुम्ही?"

साहेब वाईट माणूस नाही हो. चाळीस माणसांचे पगार त्यांच्या डोक्यावर. त्यांनी ती स्लाइड परत एकदा वाचली. मग म्हणाले, "निदान मथळा जरा सौम्य करा."

"ढिला ह्याला सौम्य शब्द काय, सर?" प्राजक्तानं विचारलं. खरंच विचारलं, उद्धटपणे नाही.

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.  स्लाइड राहिली.

चाकणला ती बोलली ते सरळ, पाणी न पिता. 'का?' ची स्लाइड आली तेव्हा मागचे लोक हसायच्या तयारीत होते. पुढची आली तेव्हा कुणी हसलं नाही. मुंगसे साहेबांनी मधेच हात वर केला, फोन लावला. "रॅकवरचे नग हलवू नका. एक बी नग हलता कामा न्हाई." आणि उठून गेले. आम्ही बसून. नाडकर्णी साहेब टेबलावरची बिस्किटं एका रेषेत लावत होते. प्राजक्तानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

मुंगसे साहेब आले ते फडक्याला हात पुसत.

"घावला," ते म्हणाले. "लांब बोल्ट. बोटानं फिरला." खुर्चीत बसले. "आता तुमाला शिव्या द्याव्या का जेवाय वाढावं, तेच कळंना." मग नाडकर्णी साहेबांकडे वळले. "सगळे नग आज परत आवळायचे, तुमची माणसं उभी ऱ्हातील. नवा प्रोग्रॅम हप्ताभर चालवून बघनार, मग सही. प्रोग्रॅम बदला साहेब. ह्या मॅडमला बदलू नका."

जेवायची वेळ झालीच होती. कँटीनच्या रांगेत नाडकर्णी साहेब आमच्या पुढे. ताट हातात घेऊन, मागे न बघता म्हणाले, "प्राजक्ता, सोमवारी ऑफिसात आलीस की ते पत्र घेऊन जा."

"कुठलं पत्र, सर?"

"कुठलं म्हणजे? पर्मनंटचं!"

तिनं ताट माझ्या हातात दिलं आणि तिथंच फोन लावला. कँटीनच्या गोंगाटात तिला ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे बातमी सगळ्यांनीच ऐकली.

"बाबा, झाले पर्मनंट! … नाही हो, चुकीसाठी कोण करतंय? चूक सापडली म्हणून केलं. बोल्ट ढिला निघाला… बोल्ट, बोल्ट! … हो, हातानं फिरायलाय म्हणल्यावर काय… बाबा? रडायलाव का तुम्ही? … बरं बरं, नाही रडायलाव. … काय? किती नंबरचा? मला काय माहीत किती नंबरचा! थांबा, विचारते."

तिनं फोनवर हात ठेवला. समोरच्या टेबलावर मुंगसे साहेब भाकरी मोडत होते. "सर, बाबा विचारायलेत, बोल्ट किती नंबरचा होता? ते एसटीत मेकॅनिक आहेत."

"मेकॅनिक हायती व्हय?" मुंगसे साहेबांनी डावा हात पुढे केला. "आना हिकडं. … राम राम, मुंगसे बोलतोय, चाकणवरनं. … व्हय. … तेच तर! दिवा काय बी म्हनू द्या, हात लावून बघितल्याबिगर… व्हय व्हय, तुमच्या डेपोत बी? काय सांगताय!"

भाकरी तशीच राहिली. ते खुर्चीत मागे रेलून बसले.

प्राजक्ता माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझ्या ताटातली जिलबी उचलली.

"काकू," ती म्हणाली, "हे दोघं आता लवकर नाही आटपायचे. तोवर मी भात आणू का तुम्हाला?"